भोकरदनची हस्तिदंती मूर्ती आणि नेपल्सचे बंदर: कोणती क्रूझ निवडावी?

प्रश्न: दुधनाकाठ, जालना

सर्वांना नमस्कार. मी जालना जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतून इतिहासाचा शिक्षक म्हणून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. सातवाहन काळ शिकवताना मी दरवर्षी मुलांना सांगत आलो की आपले भोकरदन म्हणजेच प्राचीन भोगवर्धन. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या, इटलीतील नेपल्सजवळच्या पॉम्पेई या रोमन शहरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, आणि तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती आपल्याच मराठवाड्यात, भोकरदन आणि तेर येथे मिळाल्या आहेत, हेही सांगत आलो. पैठण आणि तेर येथून निघालेला माल गाड्यांवरून भडोचला जाई आणि तिथून मोसमी वाऱ्यांच्या आधाराने तांबड्या समुद्रात पोहोचे, हा मार्ग मी फळ्यावर शेकडो वेळा काढला असेल. त्या मार्गाचे पलीकडचे टोक मात्र मी कधी पाहिलेले नाही.

पुढच्या मे महिन्यात पत्नीसह समुद्रमार्गे एखादा ऐतिहासिक किनारा पाहावा असे ठरवले आहे. मृगाच्या पेरणीआधी परत यायचे असल्यामुळे महिन्याचे पहिले तीन आठवडेच हाताशी आहेत. विमानभाड्यासह दोघांचा मिळून सात लाख रुपयांपर्यंतचा खर्च आम्हाला पेलेल. चौकशीनंतर तीन पर्याय समोर आले आहेत. एक म्हणजे मुंबईहून गोवा किंवा कोचीपर्यंतची क्रूझ. दुसरा म्हणजे क्रोएशियाच्या दाल्मेशियन किनाऱ्याने स्प्लिटपासून दुब्रोव्निकपर्यंत तीस-चाळीस प्रवाशांच्या छोट्या जहाजातून आठवडाभराचा प्रवास. तिसरा म्हणजे जेनोवा, नेपल्स, सिसिली, माल्टा, बार्सिलोना आणि मार्से अशी मोठ्या जहाजाची सात रात्रींची फेरी. प्रवास कंपनीचे प्रतिनिधी जहाजावरचे पोहण्याचे तलाव, नाट्यगृह आणि उपाहारगृहे यांविषयी भरभरून बोलतात, परंतु मला किनाऱ्याविषयी विचारायचे असते आणि तिथे त्यांची माहिती संपते.

पत्नीचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती तासभर चालू शकते, पण पायऱ्या तिला जड जातात. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. समुद्रावर यापूर्वी आम्ही एकदाही रात्र काढलेली नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी निवड कशी केली आणि आज पुन्हा निवडायचे झाल्यास काय वेगळे करतील, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १: गोदातीर, नांदेड

नमस्कार सर. दोन वर्षांपूर्वी मी, माझी पत्नी आणि मुलगी अशा तिघांनी आपल्या तिसऱ्या पर्यायासारखीच फेरी केली होती. त्या अनुभवावरून आपल्याला एकच गोष्ट कळकळीने सांगतो. जहाजाचे चित्र पाहू नका, वेळापत्रक पाहा. जहाज कोणत्या बंदराला किती वाजता लागते आणि किती वाजता सुटते, तिथून आपल्याला हवे ते ठिकाण किती अंतरावर आहे, आणि सुटण्याच्या किती आधी जहाजावर परतावे लागते, या तीन गोष्टी कागदावर मांडल्या की प्रत्यक्ष हातात उरणारे तास दिसू लागतात.

आमच्या वेळापत्रकात 'रोम' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. जहाज मात्र चिविताव्हेक्कियाच्या बंदराला लागले, आणि तिथून रोम सुमारे सत्तर किलोमीटर दूर आहे. धक्क्यापासून बंदराच्या दारापर्यंत बस, तिथून रेल्वे स्थानक, मग रेल्वे आणि तेवढाच परतीचा प्रवास धरला तर दिवसातले चार तास वाटेतच गेले. परतायला उशीर होईल या धास्तीने आम्ही कलोसियम बाहेरूनच पाहून मागे फिरलो. ते बंदर स्वतः ट्राजन सम्राटाने वसवलेले आहे, पण त्याच्याकडे मान वर करून पाहायलाही आम्हाला सवड मिळाली नाही. 'फ्लॉरेन्स' असे छापलेले असते तिथे जहाज लिव्होर्नोला थांबते आणि तिथेही हाच प्रकार घडतो. या नावांना कृपया भुलू नका.

नेपल्सची गोष्ट वेगळी आहे. जहाज जिथे लागते तो धक्का शहराच्या अगदी कुशीत आहे. शिडी उतरून दहा-पंधरा मिनिटे चालले की आपण जुन्या शहरात असतो, आणि राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय तिथून टॅक्सीने थोड्याच अंतरावर आहे. आपण ज्या मूर्तीविषयी लिहिले आहे ती तिथल्या 'गुप्त दालन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात ठेवलेली आहे. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते. आपल्या फेरीत नेपल्सचा दिवस मंगळवार येत असेल, तर सगळी फेरीच आपल्या उपयोगाची नाही, असे मी म्हणेन.

पॉम्पेईसाठी नेपल्सहून लोकल गाडीने साधारण चाळीस मिनिटे लागतात. ज्या घरात मूर्ती सापडली त्याला आता 'भारतीय मूर्तीचे घर' असेच नाव आहे आणि ते तिथल्या मुख्य रस्त्याला लागून आहे. त्या रस्त्यांवरचे दगड उंच-सखल असल्यामुळे वहिनींना सावकाश चालावे लागेल. एकाच दिवसात पॉम्पेई आणि संग्रहालय दोन्ही उरकण्याचा प्रयत्न आम्ही केला आणि दोन्हींकडे अन्याय झाला. आता विचाराल तर मी म्हणेन की जहाजावर चढण्याआधी नेपल्समध्ये तीन रात्री मुक्काम करा. काही फेऱ्यांमध्ये नेपल्सहूनच जहाजावर चढता येते, तशी फेरी मिळाली तर उत्तमच.

मुक्काम केलात तर आणखी एक ठिकाण आपल्यासाठी मोलाचे आहे. नेपल्सच्या पश्चिमेला मेट्रोने जाता येण्याजोगे पोझ्झुओली हे गाव म्हणजेच रोमन काळातले पुतेओली. अलेक्झांड्रियाहून येणारा पूर्वेचा माल रोमच्या वाटेवर याच बंदरात उतरत असे. तिथे रोमन बाजारपेठेचे अवशेष आहेत. त्यांतल्या तीन संगमरवरी खांबांवर बऱ्याच उंचीपर्यंत समुद्री शिंपल्यांनी पाडलेली छिद्रे दिसतात, कारण ज्वालामुखीच्या हालचालींमुळे तिथली जमीन शतकानुशतके खाली-वर होत आली आहे आणि एके काळी ते खांब समुद्रात उभे होते. आपण फळ्यावर काढत होता त्या रेघेचे टोक खरे तर इथे आहे. इटलीच्या कोणत्याही क्रूझच्या माहितीपत्रकात मला या गावाचे नाव दिसले नाही.

मोठ्या जहाजाची एक मर्यादा मान्य करायला हवी. ते बहुतेक अंतर रात्री कापते, त्यामुळे किनारा म्हणून जो पाहायचा तो झोपेत मागे पडतो. अपवाद म्हणजे माल्टाची राजधानी व्हॅलेट्टा. १५६५ च्या ऑटोमन तुर्कांच्या वेढ्यानंतर वसवलेले ते तटबंदीचे शहर सकाळच्या उन्हात समोर उभे राहते, तेव्हा पहाटे उठून डेकवर जावे. धक्क्यावरून वरच्या शहरात जायला उद्वाहनही आहे, त्यामुळे वहिनींचा त्रास वाचेल.

उत्तर २: तेरणा, धाराशिव

सर, सादर वंदन. मी बँकेत नोकरी करते आणि गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही चार मैत्रिणींनी मिळून आपला दुसरा पर्याय, म्हणजे दाल्मेशियाचा प्रवास केला. किनारा पाहणे हाच हेतू असेल, तर त्याच्या तोडीचे दुसरे काही मला ठाऊक नाही. छोटे जहाज दिवसा चालते आणि रात्री एखाद्या जुन्या गावाच्या धक्क्याला बांधलेले असते. सकाळी निघाल्यापासून तीन-चार तास एका बाजूला चुनखडीचे पांढरे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला बेटे सरकत राहतात. क्रोएशियाच्या किनाऱ्यालगत लहानमोठी हजारांहून अधिक बेटे असल्यामुळे खुला समुद्र फारसा लागतच नाही. संध्याकाळी मोठ्या जहाजांचे प्रवासी निघून गेल्यावर गल्ल्या मोकळ्या होतात, आणि त्या वेळी आपण तिथेच असतो.

स्प्लिटमध्ये डायोक्लेशियन या रोमन सम्राटाचा राजवाडा धक्क्यासमोरच आहे. इ.स. ३०५ मध्ये त्याने स्वतः होऊन राज्यपद सोडले आणि उरलेले आयुष्य इथे काढले. आज त्या राजवाड्यात लोक राहतात, दुकाने चालतात, दोरीवर कपडे वाळत असतात, आणि चौकात सम्राटाने इजिप्तहून आणवलेला काळा स्फिंक्स बसलेला असतो. तरीही मला सर्वांत जास्त भावले ते ह्वार बेटावरचे स्तारी ग्राद. इ.स.पूर्व ३८४ मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी तिथल्या मैदानाची आखीव तुकड्यांमध्ये वाटणी केली आणि दगडी बांध घातले. त्याच वाटणीत आजही द्राक्षे आणि ऑलिव्ह पिकतात. चोवीसशे वर्षे बांध जागेवर आहेत, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला तिथे उभे राहूनही खरे वाटेना. युनेस्कोने २००८ मध्ये त्या मैदानाचा जागतिक वारशात समावेश केला आहे.

इतके सांगूनही, सर, काकूंच्या गुडघ्यांचा विचार करता मी आपल्याला हा पर्याय घ्या असे म्हणणार नाही. आमच्या जहाजात उद्वाहन नव्हते. खोल्या खालच्या मजल्यावर होत्या आणि जिना जवळजवळ शिडीसारखा उभा होता. त्याहून कठीण गोष्ट अशी की गर्दीच्या बंदरात जागा नसल्यामुळे चार-पाच जहाजे एकमेकांना चिकटवून बांधतात, आणि आपले जहाज सर्वांत बाहेर असेल तर मधल्या प्रत्येक जहाजाचे कठडे ओलांडून धक्क्यावर उतरावे लागते. दुब्रोव्निकची तटबंदी सुमारे दोन किलोमीटर लांब असून तिच्यावर पायऱ्याच पायऱ्या आहेत. आमच्यातल्या एका मैत्रिणीचा पाय ह्वारला मुरगळला आणि उरलेले तीन दिवस तिला जहाजावरच बसून काढावे लागले. आरक्षण करताना आम्ही जिन्याविषयी विचारले होते आणि 'काही अडचण नाही' असे उत्तर मिळाले होते. म्हणून आपण जे विचाराल त्याचे उत्तर लेखी घ्या आणि जहाजाच्या मजल्यांचा नकाशा मागवून घ्या, मग जहाज लहान असो वा मोठे.

एक विनंती आहे. नेपल्सला जाण्याआधी काकूंना घेऊन तेरला नक्की या. इथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती मूर्ती डोळ्यांत साठवून गेलात, तर तिथे काचेपलीकडे जे दिसेल ते ओळखीचे वाटेल.

उत्तर ३: बालाघाट, बीड

गुरुजी, पहिल्या पर्यायाविषयी थोडे सांगतो. मुंबई ते गोवा या क्रूझमध्ये जहाज संध्याकाळी मुंबईहून निघते आणि दुसऱ्या दिवशी गोव्याला पोहोचते, त्यामुळे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे सारे अंधारात आणि दूरवर राहून जातात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हे तिन्ही आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाही ठिकाणी ही क्रूझ थांबत नाही. ज्याला कोकणचा इतिहास पाहायचा आहे त्याने गाडीने किनाऱ्यावर जावे आणि स्थानिक होडीने किल्ल्यात उतरावे. मालवणहून सिंधुदुर्गला होडीने पंधरा मिनिटेही लागत नाहीत. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला तो किल्ला आपण समुद्राच्या पातळीवरून जवळ येताना पाहतो, आणि हे दृश्य मोठ्या जहाजाच्या दहाव्या मजल्यावरून मिळणारे नाही.

पण मी हे दुसऱ्या कारणासाठी लिहीत आहे. आपण दोघांनी समुद्रावर कधी रात्र काढलेली नाही, म्हणजे बोट लागते की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. माझ्या वडिलांना फार लागते, हे आम्हाला भर समुद्रात कळले. युरोपचे पैसे भरण्याआधी या हिवाळ्यात मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो (गाड्याही वाहून नेणाऱ्या) जहाजाने एकदा जाऊन-येऊन पाहा. प्रवास तासाभराचाच आहे, तरी अंगाला अंदाज येतो. तिथे त्रास झाला तर डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्या आणि जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागा, कारण हेलकावे तिथे सर्वांत कमी जाणवतात.

उत्तर ४: खाम, छत्रपती संभाजीनगर

व्हिसा आणि जेवण या दोन गोष्टी राहिल्या आहेत, म्हणून लिहिते. इटली, माल्टा, स्पेन आणि फ्रान्स हे चारही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे एकाच व्हिसावर काम होते. अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो, म्हणजे नेपल्सचा मुक्काम धरून आपल्याला इटलीकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतले जातात. मेमध्ये जायचे तर आपण डिसेंबर-जानेवारीतच मुंबईच्या केंद्राची वेळ घेऊन ठेवा, कारण उन्हाळी सुट्ट्यांच्या आधी वेळ मिळणे फार कठीण होते. बोटांचे ठसे देण्यासाठी दोघांनाही स्वतः जावे लागेल. किमान तीस हजार युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. विमा घेताना पूर्वीपासून असलेल्या गुडघेदुखीचा आणि रक्तदाबाचा उल्लेख लपवू नका, नाहीतर गरजेच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो.

जेवणाविषयी सांगायचे तर मोठ्या जहाजांवर शाकाहारी पदार्थ मिळतात, आणि आरक्षणाच्या वेळीच नोंद केली तर रोजच्या रात्रीच्या जेवणात निश्चित सोय होते. सोबत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि कोरडी भाजणी घेऊन जाता येते. परंतु युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि मांस यांपासून बनवलेले पदार्थ आणण्यास मनाई आहे. तूप, पेढे आणि खव्याचे काहीही सामानात ठेवू नका. आमच्या सासूबाईंनी प्रेमाने बांधून दिलेला तुपाचा डबा आम्हाला विमानतळावर सोडून द्यावा लागला होता आणि त्याचे त्यांना आजही वाईट वाटते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: दुधनाकाठ, जालना

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभारी आहे. आपली उत्तरे मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवली. स्तारी ग्रादच्या बांधांविषयी ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की गुडघे चांगले असते तर मी तिथेच चला म्हटले असते. ती खंत मलाही आहे, पण जहाजांचे कठडे ओलांडणे तिला शक्य नाही, त्यामुळे दाल्मेशियाचा विचार आम्ही सोडून दिला आहे.

गोदातीर यांनी सांगितल्याप्रमाणे मी तीन फेऱ्यांची वेळापत्रके मागवून बंदरातले तास मांडून पाहिले. त्यांतल्या एका फेरीत नेपल्सचा दिवस नेमका मंगळवारी येत होता आणि जहाज दुपारी साडेचारलाच सुटत होते. दुसऱ्या फेरीत नेपल्स गुरुवारी आहे आणि तिथूनच जहाजावर चढण्याची सोय आहे. त्यामुळे आम्ही सोमवारी नेपल्सला पोहोचायचे, मंगळवारी संग्रहालय बंद असताना पोझ्झुओली पाहायचे, बुधवारी सकाळी पॉम्पेई आणि गुरुवारी संग्रहालय उघडताच ती मूर्ती पाहून दुपारी जहाजावर चढायचे, असा बेत आखला आहे. पुढे सिसिली आणि व्हॅलेट्टा. बार्सिलोना आणि मार्से येथे फार धावपळ न करता धक्क्याजवळच फिरायचे. खोली मधल्या भागात, उद्वाहनाजवळ आणि खालच्या मजल्यावर हवी असे मी प्रतिनिधींना लेखी कळवले असून त्यांचे लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरणार नाही.

डिसेंबरमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची फेरी करून पाहू. त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत तेरला येत आहोत. माझे काही जुने विद्यार्थीही सोबत येऊ म्हणत आहेत. तेरणाताई, त्या दिवसांत संग्रहालय कोणत्या वेळेत उघडे असते आणि मूर्ती नेहमीच्या मांडणीत पाहायला मिळते की त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते, एवढे कळवाल का?